आधी कोणतं चित्र?

करंजगडच्या राजवाड्यात दोन चुली पेटल्या, आणि त्याला कारण झाली एक गोष्ट!

गोष्ट होती वीर रणसेनाची. भिवा चित्रकथ्याच्या घराण्यात ती कधीपासून रंगत आली होती. भिवाच्या वडिलांनी पहिल्यांदा रणसेनाची लढाई रंगवली. लोक म्हणाले, "पुढे काय झालं?" त्यांनी पुढचं रंगवलं. मग लोक विचारू लागले, "हा लहानपणी कसा होता हो?" तेव्हा भिवाने रणसेनाचं बालपण रंगवलं. मधूनच त्याच्या पांढऱ्या घोड्याचीही गोष्ट निघाली. होता होता चित्रांनी अख्खा पेटारा भरला, तरी नवी चित्रं निघतच होती. भिवा वीणा छेडायचा आणि त्याची मुलगी शेवंता एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगायची.

करंजगडात ही गोष्ट न पाहिलेला माणूस एकच उरला होता. खुद्द दौलतराजे! एके दिवशी जेवताना ते सहज बोलून गेले, "आता आम्हीही पाहू म्हणतो."

"पाहाच!" त्यांच्या आई, आऊसाहेब, म्हणाल्या. "पण चित्रं जशी रंगली तशीच पाहायची. लढाई आधी! बालपण आधी पाहिलंत तर सगळं गुपित फुटेल."

"लढाईपासून?" राणीसाहेबांनी हातातला घास खाली ठेवला. "अहो, कोण कुणाचा हेच कळणार नाही! गोष्ट जन्मापासून पाहायची असते."

त्या जेवणानंतर सासूसुनांचा अबोला सुरू झाला. मुदपाकखान्यात दोन चुली झाल्या. राजे आईकडे जेवले की राणीसाहेब रुसायच्या आणि राणीकडे जेवले की आऊसाहेबांचं डोकं दुखायचं. राजे जेरीस आले. त्यांनी भिवाला बोलावणं धाडलं.

"भिवा, हे भांडण तुझ्या चित्रांनी लावलंय, तेव्हा मिटवायचंही तूच! अशा क्रमाने गोष्ट दाखव, की क्रमाबद्दल आमच्या मातोश्रींचं आणि राणीसाहेबांचं एकमत झालं पाहिजे. आणि कुठलं चित्र आधी लावू म्हणून आम्हाला विचारायचं नाही, सांगून ठेवतो! नाही जमलं, तर पेटारा तळ्यात!"

भिवा घरी आला तो भिंतीला टेकून बसला. "पोरी, आऊसाहेबांचं ऐकावं तर राणीसाहेब चिडणार. राणीसाहेबांचं ऐकावं तर आऊसाहेब. माझ्या बापाचे रंग गेले गं पाण्यात!"

शेवंता बोलायला शिकली ती याच चित्रांपुढे. तिने पेटारा उघडला, चित्रांवरून हात फिरवला आणि एकदम हसली.

"बाबा, तुम्ही वीणेच्या तारा तेवढ्या नीट लावून ठेवा. बाकीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला. एका बाजूला आऊसाहेब, दुसऱ्या बाजूला राणीसाहेब. मधे राजे, चेहरा पडलेला. शेवंताने सगळी चित्रं पालथी मांडली.

"महाराज, यातलं एक उचला. कुठलंही."

राजांनी एक चित्र उचललं. नदीकाठी पांढरा घोडा एकटाच उभा, पाठीवर रिकामं खोगीर. शेवंता घोड्याबद्दल चार शब्द बोलली आणि गप्प बसली.

राजे वाट पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "अगं, पण स्वार कुठे गेला याचा?"

शेवंताने लगेच लढाईचं चित्र धरलं. रणसेन कड्याला लटकलेला, आणि वर तलवार उगारून उभा शत्रू ढसाढसा रडतोय!

"शत्रू कशाला रडेल?" राजे पुढे सरकले.

"अहो, तो त्याचा—" राणीसाहेब बोलू लागल्या.

"सांगू नका!" राजे ओरडले.

शेवंताने बालपणाचं चित्र काढलं. दोन मुलगे एका ताटात भाकरी खात होते.

"भाऊ? सख्खे भाऊ?" राजे उभेच राहिले. "मग वैर कशावरून?"

"ते तर—" आऊसाहेबांनी तोंड उघडलं.

"आऊसाहेब, तुम्हाला आमची शपथ!"

मग काय! राजे विचारत गेले, शेवंता चित्रं काढत गेली आणि भिवाची वीणा मागून धावत राहिली. लढाईतून बालपणात, बालपणातून थेट म्हातारपणात! राजे मधेच हसले, मधेच त्यांनी शेल्याने डोळे पुसले. जेवणाचा निरोप आला तो त्यांनी परत पाठवला. शेवटचं चित्र खाली ठेवलं गेलं, तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता.

आऊसाहेब ताडकन उठल्या. "हा काय क्रम झाला?"

राणीसाहेबही उठल्या. "ना शेंडा ना बुडखा!"

आणि दोघी एका सुरात म्हणाल्या, "साफ चुकीचा!"

भिवाने वीणा टाकून पेटारा कवटाळला. शेवंता मात्र शांतपणे हात जोडून उभी राहिली.

"महाराज, क्रमाबद्दल दोघींचं एकमत व्हावं, अशी तुमची अट होती. झालं की! दोघींनीही तो चुकीचाच ठरवला."

राजांच्या मिशा थरथरल्या. "पण आम्हाला विचारायचं नाही, असंही बजावलं होतं."

"मी कुठे विचारलं, महाराज? सकाळपासून तुम्हीच विचारताय! हा क्रम तुमचाच आहे. चुकला असेल तर त्याची शिक्षा पेटाऱ्याला कशी द्यायची, तेवढं सांगा."

राजे खो खो हसत सुटले. आऊसाहेबांनी पदर तोंडाला लावला, पण सुनेची नजर भेटताच त्यांनाही हसू आवरेना. राणीसाहेबांनी हसता हसता आधार म्हणून सासूबाईंचाच हात धरला.

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून शेवंताच्या ओंजळीत ठेवलं. "आणि भिवा, ही गोष्ट पुरी रंगवून होईपर्यंत तुझ्या घरचा शिधा वाड्यातून येईल!"

शेवंता लवून मुजरा करत म्हणाली, "मग ही गोष्ट काही संपायची नाही, महाराज!"