मामाची मांडी

डोंगरापलीकडच्या एका गावात, आजीच्या आजीलाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एक नाईक गावचा कारभार पाहायचा. माणूस लाखात एक. दर दसऱ्याला तो देवळासमोरच्या मोठ्या तराजूत बसे, दुसऱ्या पारड्यात गूळ रचला जाई आणि त्याच्या वजनाइतका गूळ घरोघर वाटला जाई.

आता गावकरी काही वेडे नव्हते. नाईक जितका जड, तितका गूळ जास्त, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. म्हणून वर्षभर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून त्याच्याकडे ताट यायचं. सपिटाच्या पुऱ्या, तुपात थबथबलेले लाडू, घट्ट श्रीखंड. "किती राबता हो नाईक! खा पोटभर." नाईक भोळा. कुणाचं मन मोडायला नको म्हणून सगळं संपवायचा. वर्षागणिक गूळ वाढत गेला आणि नाईकही.

त्याची धाकटी बहीण गावातच दिलेली होती. तिला मुलगा झाला. कान टोचायच्या दिवशी रीतीप्रमाणे बाळाला मामाच्या मांडीवर ठेवलं. पण मांडी होती कुठे? सगळी जागा पोटानं घेतलेली. बाळ पोटावरून सुर्रकन घसरलं. सोनारानं हातातली तार टाकून झेललं म्हणून बरं!

सगळे खो खो हसले. नाईकही हसला, पण त्याचे डोळे भरून आले. एकुलता एक भाचा, आणि त्याला बसवायला मामाकडे वीतभर मांडी नाही!

बहीण म्हणाली, "दादा, वर्षाचा झाला की जावळ काढायचंय. तोवर तुला मांडी झाली नाही, तर चुलत मामाच्या मांडीवर बसवावं लागेल हो."

"मी उद्यापासून उपाशी राहतो!" नाईक म्हणाला. राहिलाही, न्याहारीच्या वेळेपर्यंत.

मग बहीणच त्याच्या स्वयंपाकघरात शिरली. आचारी पीठ फडक्यातून गाळून कोंडा बाजूला काढत होता. डाळीची सालं, दोडक्याच्या शिरा, भोपळ्याची साल, चक्का टांगल्यावर खाली निथळलेलं पाणी, सगळं गोठ्याकडे निघालं होतं.

"अगं बाई! दादापेक्षा म्हशीच चांगलं जेवतात की!" असं म्हणून तिनं पदर खोचला.

त्या दिवशी नाईकाच्या ताटात कोंड्यासकट लाटलेल्या पोळ्या आल्या, सालीच्या डाळीची आमटी, चक्क्याच्या पाण्याची कढी आणि दोडक्याच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी. नाईकानं तोंड वाकडं केलं. पण चटणी जिभेला लागली आणि तो मुकाट्यानं जेवू लागला. गंमत म्हणजे, एरवी ताटभर पुऱ्या खाऊनही घटकाभरात डबे धुंडाळणारा नाईक दोन पोळ्यांवर संध्याकाळपर्यंत गप्प बसला. पोट भरलेलं, पण अंग हलकं. हळूहळू तो शेताकडे पायी जाऊ लागला.

गावात मात्र एकच घबराट उडाली. "नाईक वाळायला लागले! आता गुळाचं काय?" सगळे लाडवांची ताटं घेऊन दारात हजर. सर्वांत पुढे एक म्हातारी. तिचे लाडू सगळ्यांत मोठे.

"एवढा एक खा रे लेकरा," ती म्हणाली.

नाईकाच्या तोंडाला पाणी सुटलं. हातही पुढे गेला. पण त्यानं तो मागे घेतला.

"आजी, गूळ कमी मिळेल, ठाऊक आहे मला. पण भाचा या मांडीवर बसला नाही, तर मला कसलाच गूळ गोड लागायचा नाही."

म्हातारी खाली पाहत म्हणाली, "अरे, गुळाच्या नादात आम्हीच तुला पार बेजार केलं की." तिनं लाडवांचं ताट उचललं आणि पोरांत वाटून टाकलं.

पण गावाचं प्रेम, ते कसलं आवरतंय! दुसऱ्या दिवशी अंगणात कोंड्याची पोती लागली. बहिणीनं कपाळाला हात लावला. "अहो, दादाला खायचाय, त्याचा कोंडवाडा नाही करायचा! मूठ-मूठ पुरे."

वर्ष सरलं. जावळाच्या दिवशी न्हावी कात्री घेऊन बसला आणि बाळ मामाच्या मांडीवर असं ऐसपैस बसलं की नंतर उठायलाच तयार होईना.

दसऱ्याला तराजूत गूळ बराच कमी चढला. घरोघरी खडा लहान आला. पण या वेळी तो वाटायला नाईक स्वतः आला, भाच्याला कडेवर घेऊन, दारोदार, पायी. म्हातारीनं तो खडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "यंदाचा गूळ जास्त गोड आहे."

मुलांनो, घ्यायचं तात्पर्य ते हे: ज्याला आपण साल-कोंडा म्हणून टाकतो, त्यातही अन्नाचं बळ असतं, आणि ज्याच्यावर आपली माया आहे, त्याच्या ताटात आपल्या फायद्याचं नव्हे, त्याच्या हिताचं वाढावं.