यल्लीचा सा

“आणि ही का गात नाही?”

पोरांची प्रार्थना संपते न संपते तोच अक्कांनी विचारलं.

“कोण, अक्का?” विद्याधर म्हणाला. “सगळीच गातायत की.”

“मोतीबिंदू माझ्या डोळ्यात आहे, कानात नाही. ती मागची पोरगी. तिच्याकडून आवाजच येत नाही. का?”

विद्याधरनं कॅमेऱ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी कशाला मदतीला धावतेय! मी आपली तंबोरा छेडत राहिले.

थांबा, आधी सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, ही बाई भलतीच खडूस आहे. खडूस मी आहेच, पण त्याला कारण आहे.

अक्का म्हणजे आमच्या गुरू. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या आळीमागं दोन खोल्यांत राहतात. विद्याधर आणि मी, दोघं त्यांच्यापाशीच शिकलो. मी राहिले अक्कांच्या मागं तंबोरा धरून. तो मोठा झाला. होऊ दे, गळा होताच त्याला.

मग त्यानं एक चांगली गोष्ट केली. खाणीजवळच्या शाळेत, खडी फोडणाऱ्यांच्या पोरांना गाणं शिकवायला लागला. फुकट. हे मी नाकारणार नाही. ऊन बघितलं नाही, धूळ बघितली नाही, जातच राहिला.

आणि आता त्याच्यावर सिनेमा निघत होता.

सिनेमावाला पुण्याचा, अभिराम नावाचा. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या नाट्यगृहात पोरांचं गाणं होतं, तो शेवटचा सीन. त्याच्या आधीचा सीन इथं, अक्कांच्या खोलीत. अक्का विद्याधरला गंडा बांधणार, असा.

गंडा म्हणजे गुरूनं शिष्याच्या मनगटावर बांधायचा धागा. तो बांधला की माणूस घराण्याचा झाला. विद्याधर तो कधीपासून मागत होता आणि अक्का नुसतं ‘बघू’ म्हणत होत्या. आज तो ताम्हनात धागा, गूळ-चणे, सगळं मांडूनच आला होता. कॅमेऱ्यासमोर अक्का नाही म्हणणार नाहीत, असा त्याचा होरा. मला तर त्याच्या सदऱ्याची इस्त्रीसुद्धा खुपत होती.

तर अक्कांनी विचारलं, ही का गात नाही.

“अक्का, ती यल्ली,” विद्याधर म्हणाला. “गुणी पोरगी आहे. पण सुरात येतच नाही. खूप डोकं फोडलं मी तिच्यापुढं.”

“मग?”

“मग... सांगितलं तिला. तू नुसते ओठ हलव.”

तंबोऱ्यावरचा माझा हात थांबला.

“काढून नाही टाकलं, अक्का,” तो घाईघाईनं म्हणाला. “काढलं असतं तर रडली असती. आता सगळ्यांबरोबर उभी तरी आहे. तिलाही चालतं. चालतं ना गं, यल्ली?”

यल्लीनं होय अशी मान हलवली. काय करेल लेकरू!

अभिराम कॅमेऱ्यामागून म्हणाला, “मॅडम, आमच्या फिल्मची गोष्टच ती आहे. सुरुवातीला ही मुलं नुसती ओरडतात. शेवटी काय सुरेल गातात! थिएटरमध्ये लोक रडतील.”

“आणि मधे काय केलंत?”

“शिकवलं, मॅडम.”

“हिला गप्प केलंत.”

अभिराम पुन्हा कॅमेऱ्यामागं गेला.

अक्कांनी यल्लीला जवळ बोलावलं. समोर बसवलं. “आता तू एकटी गा बघू.”

यल्लीनं तोंड उघडलं. प्रार्थनेचा शब्द न् शब्द तिच्या ओठांवर बरोबर आला. मान डोलली. जिथं हात वर न्यायचा तिथं हातही वर गेला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आवाज मात्र...

एक थेंब नाही.

तिनं हात जोडले आणि अक्कांकडं बघून हसली. बरोबर म्हटलं ना, अशी. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की माझं डोकं फिरतं. विद्याधरच्या पाठीत एक धपाटा घालावा असं वाटलं.

“शाबास,” अक्का त्याला म्हणाल्या. “पक्कं शिकवलंस.”

त्याचा चेहरा पडला.

“तंबोरा कुठल्या पट्टीत आहे?”

“आपल्याच, अक्का. काळी एक.”

काळी एक म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. पुरुषाच्या भरदार गळ्याला शोभणारा खालचा सूर. आमच्याकडं रिवाज असा, की गुरूचा जो सूर तोच शिष्याचा. शिष्यानं आपला गळा त्यात बसवायचा. बसला नाही, तर शिष्य वाईट. सूर वाईट आहे असं आमच्या घराण्यात अजून कुणी म्हटलेलं नाही. विद्याधरनं खाणीवरची लेकरंही त्याच सुरात बसवली होती. ज्यांचे गळे खाली उतरले ती सुरेल ठरली. यल्लीचा उतरला नाही.

“यल्ले,” अक्का म्हणाल्या, “खाणीवर आईला हाक कशी मारतेस?”

“मशीन चालू असतं तवा?”

“होय, तेव्हाच.”

यल्लीनं विद्याधरकडं बघितलं.

“सरांकडं काय बघतेस? सर तुझी आई आहेत का?”

पोरं फिदीफिदी हसली. यल्लीही हसली. मग तिनं छाती भरून घेतली.

“अव्वाऽऽऽ!”

अगं बाई! खिडकीतली कबुतरं भुर्रकन उडाली. अभिरामनं कानावरचे हेडफोन ओढून काढले.

“पुन्हा,” अक्का म्हणाल्या.

“अव्वाऽऽऽ!”

तोच सूर. एका केसाचा फरक नाही. खडीच्या मशीनपलीकडं आईला ऐकू जायचं तर आवाज कुठं लावायचा, हे त्या पोरीचा गळा आपला आपणच शिकला होता.

“कुंदा, तंबोरा हिच्या सुरात लाव.”

मी जागची हलले नाही. गुरूचा तंबोरा शिष्याच्या सुरात? आणि तोही हा तंबोरा, अक्कांच्या गुरुजींचा, ज्याला आम्ही आंघोळ केल्याशिवाय हात लावत नाही?

“अक्का, तार तुटेल,” विद्याधर म्हणाला. “एवढी वर कशी जाईल ती?”

“तुला विचारलं का? कुंदा, पीळ खुंटी.”

मी पिळली. तार चढायला लागली. आणखी पिळली. आणखी थोडी...

टण्ण!

तार तुटून माझ्या मनगटावर सपकन बसली.

“गुरुजींचा तंबोरा!” विद्याधर उठून उभाच राहिला.

“तार बाजारात मिळते. खाली बस.”

“पण अक्का, घराण्याचा सूर...”

“घराण्याचा!”

अक्कांचा आवाज चढला. त्या रागावतात ते हळू आवाजात, त्यामुळे मी दचकलेच.

“अरे, मी यल्लीएवढी होते. गुरुजी म्हणाले, किंचाळू नकोस, खाली ये. मी खाली गेले. जन्मभर खालीच गायले. लोक म्हणाले, वा, काय मर्दानी गायकी! शाली दिल्या, हार घातले. पण माझा स्वतःचा सा कुठं आहे, ते मला आजतागायत माहीत नाही, विद्याधर. कुणी विचारलाच नाही. आणि मीही शोधला नाही.”

विद्याधर खाली बसला.

“गुरुजींचं नाव घेतलं की मी आजही कान धरते,” अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच कानाच्या पाळीला हात लावला. “पण हे या पोरांच्या गळ्यात नाही बांधायचं. मी जिवंत असताना तर नाहीच नाही.”

मग त्या पोरांकडं वळल्या.

“यल्लीची हाक ऐकलीत? तिचा सूर धरा. ‘सा’ म्हणा. आणि सोडायचा नाही. तंबोरा मेलाय, आता तुम्हीच तंबोरा.”

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं धरला. दुसऱ्यानं धरला. मग सगळ्यांनी. काय सांगू तुम्हाला, मघापासून घशातल्या घशात गुणगुणणारी ती पोरं अशी मोकळी झाली की भिंतीवरची गुरुजींची तसबीर थरथरली. थरथरू दे म्हटलं!

आणि त्या आवाजावर यल्ली गायली. पूर्ण प्रार्थना. एका ठिकाणी शब्द चुकला, तरी रेटून पुढं गेली. बेसूर? छे! नाव नको.

“तू का गप्प?” अक्कांनी विद्याधरला विचारलं. “गा की यांच्याबरोबर.”

“ही पट्टी मला चढते, अक्का. वर गेलं की आवाज फाटेल.”

“फाटू दे.”

“कॅमेरा चालू आहे...”

“मग नुसते ओठ हलव.”

...

विद्याधरनं एकदा कॅमेऱ्याकडं बघितलं. मग उठला, त्या कडक इस्त्रीनिशी पोरांच्या घोळक्यात मांडी घालून बसला आणि गायला लागला. खाली ठीक होतं. वरच्या सुरावर त्याचा गळा असा फाटला, की पोरं खो खो हसून एकमेकांवर पडली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

यल्ली मात्र हसली नाही. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सर, लाजू नगा. मशीन चालू हाय आसं समजा.”

तो पुन्हा गायला. पुन्हा फाटला. या खेपेला थांबला नाही. कपाळावर घाम, मानेच्या शिरा ताठ, आणि तरी गातोय. इतक्या वर्षांत मला त्याचा अभिमान वाटला तो त्या दिवशी.

गाणं संपल्यावर अभिराम खाकरला.

“सर, हे वापरता येणार नाही. तुम्ही स्वतःच बेसूर झालायत. सगळ्या गोष्टीची वाट लागते. असं करू, नवीन तार लावून जुन्या पट्टीत एकदा घेऊ. यल्लीला मागंच राहू दे. मग गंडा.”

विद्याधरनं ताम्हनाकडं बघितलं. धागा तसाच होता. मग त्यानं अक्कांकडं बघितलं.

“तो म्हणतोय ते खरं आहे,” अक्का शांतपणे म्हणाल्या. “कॅमेरा तयार आहे, धागा तयार आहे. जुन्या सुरात गा. बांधते.”

मी ‘अहो अक्का!’ म्हणणार होते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जीभ चावली.

यल्ली उठली आणि कुणी न सांगता मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सवयच झाली होती तिला.

ते विद्याधरनं बघितलं.

त्यानं धागा उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि ताम्हन पोरांपुढं सरकवलं.

“गूळ-चणे खा रे. सकाळपासून उपाशी असाल. यल्ली, पुढं ये. उद्याही पुढंच उभं राहायचं.”

पोरांनी ताम्हनावर झडप घातली. अभिराम म्हणाला, “सर, उद्या या पट्टीत गायलात तर मी माझी फिल्म कुठं संपवू?” विद्याधर म्हणाला, “संपवू नका.” अभिरामनं कॅमेरा बंद केला आणि कपाळाला हात लावला.

मी तुटलेली तार गुंडाळत होते. पोरं चपला शोधत होती. विद्याधर अक्कांच्या पाया पडला, दारापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला. मघाचा जोर ओसरला होता. घाबरला होता बिचारा.

“अक्का...”

“काय?”

“उद्या समोर मोठमोठे गवई बसलेले असतील. सगळे मला ओळखतात. माझा आवाज फाटला, की हसतील.”

अक्कांनी पोरांच्या तावडीतून वाचलेला गुळाचा खडा तोंडात टाकला.

“हसू देत की,” त्या म्हणाल्या. “तेवढीच त्यांची तोंडं उघडतील.”