दगडावरून न उतरणारा हंस

फार जुनी गोष्ट. रोम नावाच्या शहरात एका टेकडीवर हंसांचा कळप राहायचा. जो ओरडून कोल्ह्याला पळवेल, त्याने पौर्णिमेपर्यंत उंच दगडावर बसून राज्य करायचं आणि मग मुकाट खाली उतरायचं, अशी तिथली रीत.

एकदा ग्रुनियस नावाच्या हंसाने कोल्हा पळवला आणि तो दगडावर चढला. पौर्णिमा आली नि गेली, गडी काही उतरेना! वर हुकूम काढला, "माझ्या परवानगीशिवाय कुणी ओरडायचं नाही." हसताय काय? तुमच्या गल्लीत नाही का असा एखादा?

फॅबिया हंसीचा जीव टांगणीला लागला. तिची पिल्लं ओरडायलाच शिकली नाहीत, तर कोल्ह्यापासून वाचणार कशी?

एका सकाळी कोल्हा आला आणि त्याने थेट ग्रुनियसचीच मान धरली. सगळे हंस अदबीने रांगेत उभे राहिले.

"महाराज, ओरडू का?"

महाराजांची मान हलली, पण ती कोल्हाच हलवत होता. हो म्हणतात की नाही, कुणाला कळेना!

तेवढ्यात कोल्ह्याची नजर पिल्लांवर गेली. फॅबियाने परवानगीबिरवानगी खड्ड्यात घातली आणि ती गळा फाटेस्तोवर ओरडली. मग पिल्लं ओरडली, सगळा कळप ओरडला. कोल्हा दचकून मान सोडून पळाला. महाराज धपकन चिखलात!

"परवानगीशिवाय कोण ओरडलं?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"आम्ही सगळेच," फॅबिया म्हणाली. "लागलं नाही ना, भावजी? आता खाली आलाच आहात, तर चला चरायला."

कितीतरी दिवसांनी टेकडीवर मनसोक्त गोंगाट झाला.