दाखवायची डबी

“या टोल्यात कुणीतरी रोग अंगावर बाळगून हिंडतंय आणि तोंड मिटून बसलंय. त्याला माणूस तरी म्हणायचं का, गुरुजी?”

वझरे गुरुजी माश्यांना साखरपाणी देत होते. कापसाचा बोळा बुडवायचा, पिळायचा, डबीच्या जाळीवर ठेवायचा. त्यांनी मान वर केली नाही.

त्यांच्या हाताखाली काम करणारा सारंग हिवरेकर उत्तरासाठी थांबणाऱ्यांतला नव्हताच. तो बोलत राहिला.

गंडकीच्या काठच्या या टोल्यात, म्हणजे भूमिहीन मुसहरांच्या वस्तीत, दोन वर्षं काळा आजार नव्हता. महिन्यापूर्वी लखियाची सहा वर्षांची तेतरी तापली. ताप उतरेना. हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट तेवढं फुगलं. ती आता जिल्ह्याच्या इस्पितळात होती आणि वाचेल असं तिथं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

हा रोग पाण्यातून येत नाही, वाऱ्यातून येत नाही. कुडाच्या भेगेत राहणारी, डासाहून लहान अशी वाळूमाशी एकाचं रक्त पिते आणि त्याचे जंतू दुसऱ्याला देते. त्या मुलखात तो गुराढोरांत टिकत नाही. म्हणजे माणसातूनच येणार. आणि तापलेल्याच माणसातून येतो असंही नाही. बरा झालेल्याच्या कातडीत तो मागे राहू शकतो. ताप नाही, दुखणं नाही, भूक चांगली. फिकट डाग तेवढे उठतात.

हे सगळं सारंग टोल्याच्या मधोमध उभा राहून घडाघडा सांगे. ऐकणाऱ्या बायका माना डोलवत.

ज्याच्या अंगावर डाग दिसेल त्याला तो सदरा काढायला लावी. जगू मांझी नावाच्या म्हाताऱ्याला काळा आजार होऊन दहा वर्षं झाली होती, आणि त्याच्या छातीवर फिकट डाग होते. तो सदरा काढेना. चार माणसांदेखत सारंगनं त्याला विचारलं, तेतरी मेली तर तिच्या आईला तू काय तोंड दाखवशील? त्या दिवसापासून टोल्यानं जगूला हापशाला हात लावू दिला नाही. तो उठून बांधावर गेला आणि तिथंच चार काठ्यांवर ताडपत्री टाकून राहू लागला.

सारंगला वाईट वाटलं नाही असं नाही. पण मूल मरत असताना म्हाताऱ्याच्या लाजेचं काय घेऊन बसायचं, असं त्याला वाटे.

गुरुजींची तऱ्हा वेगळी. नोकरी सुरू झाली ती विदर्भातल्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यापासून. मग तीस वर्षं ते माश्या पाळत आले. टोल्यातली माणसं त्यांना माशीबाबा म्हणत. प्रयोगशाळेत जन्मलेल्या, कधीच रक्त न प्यायलेल्या वीस माश्या ते एका डबीत घालत, डबीचं जाळीचं तोंड डाग असलेल्या माणसाच्या दंडाला लावत आणि वीस मिनिटं त्याच्याशी पीकपाण्याच्या गप्पा मारत. माश्या पोट भरून घेत. पुढे आठ दिवस त्या सांभाळायच्या. मग एकेकीचं पोट सुईनं उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. त्या माणसाकडून तिला काय मिळालं ते तिथं दिसे.

लोक भीत. हात पुढे करत नसत. म्हणून सारंग पहिली डबी स्वतःच्या दंडाला लावून दाखवी. बघा, काही होत नाही. त्या डबीला त्यानं नाव दिलं होतं, दाखवायची डबी.

बाकीच्या डब्यांना नावाच्या चिंध्या बांधलेल्या असत. या वेळी चिंध्या चारच निघाल्या, जगूसकट चौघांना पुरतील एवढ्या, तेव्हा दाखवायच्या डबीला त्यानं आपला निळा रुमाल बांधला आणि म्हणाला, ही टाकून द्या गुरुजी, हिचं काय करायचंय.

“रक्त प्यायलेली माशी मी विचारल्याशिवाय टाकत नाही,” गुरुजी म्हणाले होते.

सारंग हसला होता. म्हातारा माश्यांशी बोलतो...

त्याचा स्वतःवर विश्वास होता, आणि तो उगाच नव्हता. तीन वर्षांपूर्वी तो इकडं आला आणि पहिल्याच वर्षी त्याला स्वतःला काळा आजार झाला. घरच्यांनी अमरावतीहून माणूस पाठवला, तरी तो परतला नाही. औषधानं बरा झाला आणि पुन्हा कामाला लागला. वर्षापूर्वी, टोल्यातच राहायचं म्हणून लखियाच्या ओसरीवर बाज टाकली. आपली मच्छरदाणी एका बाळंतिणीला देऊन टाकली. ज्यांना मच्छरदाणी नाही त्यांच्यासारखंच झोपायचं, हा त्याचा बाणा.

गुरुजी तेव्हा दोनच वाक्यं बोलले होते. तुझ्या दंडावर ते काय उठलंय? आणि, मच्छरदाणीत झोप.

पहिल्याला सारंग म्हणाला होता, शिबं आहेत गुरुजी, घामाची. कामाचं बोला. दुसऱ्याला काहीच म्हणाला नव्हता. वय झालं की माणूस अंगाला जपतो, एवढंच मनात आलं होतं.

आज नववा दिवस होता.

गुरुजींनी शेवटचा बोळा ठेवला. मग टेबलावरचा दिवा लावला, काच बसवली आणि बाजूला झाले.

“बघ.”

सारंगनं डोळा लावला. आधी नुसतं धुरकट. त्यानं चकती फिरवली... आणि ते दिसले. लांबट, एका टोकाला शेपटी, वळवळणारे. भरपूर.

“सापडला!” तो ओरडला. “मी म्हणत नव्हतो? जगूचाच ना?”

“जगूच्या वीसच्या वीस पाहिल्या. कोऱ्या आहेत.”

“मग दुसरा कोण? भिखारी?”

“त्याच्याही कोऱ्या.”

सारंगनं उरलेली दोन नावं घेतली. दोन्ही वेळा गुरुजींनी मान हलवली.

“मग आहे तरी कोण? आत्ता जाऊन बखोटीला धरून आणतो त्याला.”

गुरुजींनी खण उघडला. आतून एक निळा रुमाल काढला. धुतलेला, चौपदरी घडी घातलेला. तो त्यांनी सारंगसमोर ठेवला.

“विसांतल्या तिघींत,” ते म्हणाले.

खिडकीबाहेर बकऱ्या ओरडत होत्या. आपण बाही वर सारतोय हे सारंगला सारून झाल्यावर कळलं. डाग दंडापासून कोपराच्या आतपर्यंत उतरले होते. वर्षभर तो त्यांना मलम लावत होता.

हाच दंड त्यानं टोल्यातल्या प्रत्येक माणसासमोर उघडा केला होता.

“तेतरीला... माझ्यामुळं झाला?”

“ते माशी सांगत नाही. तुझ्याकडून तिला मिळतो, एवढंच सांगते.”

“मी वर्षभर तिच्या उशाशी झोपलोय, गुरुजी. उघड्यावर.”

गुरुजींनी टेबलावरचा दिवा मालवला.

“तुम्हाला माहीत होतं.”

“संशय होता. मी विचारलं होतं.”

“एकदाच विचारलंत!”

“हो,” गुरुजी म्हणाले. “तो माझा दोष.” आणि आवाज न बदलता त्यांनी पुढचं सांगितलं. उद्या जिल्ह्याला जाऊन कातडीचा तुकडा तपासायला द्यायचा. नक्की झालं की बारा आठवडे गोळ्या, एकही चुकवायची नाही. तोवर उघड्यावर झोपायचं नाही. बोलता बोलता त्यांनी आपल्या खाटेवरची मच्छरदाणी सोडली, गुंडाळली आणि त्याच्या खांद्यावर ठेवली.

सारंग दारापर्यंत गेला आणि थांबला.

“टोल्याला काय सांगू?”

“जगूकडून जे वदवून घेणार होतास ते.”

दिवस कलला तेव्हा तो लखियाच्या ओसरीवर पोचला. तिनं नेहमीसारखी त्याची बाज टाकली होती. आज जरा आत ओढली होती, तेतरीच्या तान्ह्या भावाच्या झोळीजवळ. लखिया म्हणाली, इस्पितळातून निरोप आहे, पोरीनं दोन चमचे पेज घेतली. मग म्हणाली, तुम्ही जवळ असलात की मला भीती नाही वाटत, म्हणून बाळाकडंच टाकली.

सारंगनं तोंड उघडलं.

ती वाट बघत राहिली. झोळीतलं मूल कुरकुरलं, तशी तिनं दोरी ओढली.

“आजपासून मी दुसरीकडं झोपणार आहे,” तो म्हणाला.

काही चुकलं का, म्हणून तिनं दोनदा विचारलं. नाही, नाही, म्हणत त्यानं बाजेवरचं बोचकं उचललं. का, ते त्याच्यानं सांगवलं नाही. सकाळी ज्याला माणूस म्हणायचं का असं तो विचारत होता, त्याच्यासारखाच तोंड मिटून ओसरी उतरला.

बांधावर जगू चूल पेटवत होता. सारंगला बघून तो आपसूक उभा राहिला आणि सदऱ्याची बटणं काढू लागला.

“नको... नको, बाबा.”

जगूचे हात बटणांवरच थांबले.

सारंग खाली बसला. त्यानं बाही वर केली आणि दंड चुलीच्या उजेडात धरला.

म्हातारा वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं बांधाखाली हापशाकडं नजर टाकली. तिथं घागरी घेऊन चारपाच जणी आल्या होत्या.

“बाही खाली घ्या, डाक्टरबाबू,” जगू हळूच म्हणाला. “बायका बघतील.”