इथं राहतं कोण

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं धीरबोधींनी मला बजावलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे वचन देणं का, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

त्या दिवशी मी विहाराच्या मागच्या भिंतीशी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले होते. आमच्या चाळीतली दहावीची मुलं तिथंच अभ्यासाला बसतात, कारण घरात जागा नसते. आत जे झालं ते मी खिडकीतून पाहिलं, ऐकलं. बाहेर दारादारांवर जे झालं ते धीरबोधींनी नंतर सांगितलं. म्हणून ही गोष्ट त्यांची आहे, माझी नाही.

“...पण भन्ते, माणसं इथं राहतात तरी कशाला?”

श्रामणेर धीरबोधींनी हा प्रश्न त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारला. श्रामणेर म्हणजे नवा भिक्खू, अजून शिकत असलेला. धीरबोधी पालीत एम.ए. झाले होते, पहिल्या वर्गात, आणि हे ते सहसा दुसऱ्या वाक्यात सांगत.

भन्ते विनयपाल चटईवर बसून चीवराचा उसवलेला काठ शिवत होते. वय सत्तरीच्या पुढं. शिवडीतल्या आमच्या चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचं हे विहार. डाव्या हाताला पिठाची गिरणी, उजव्या हाताला वेल्डिंगचं दुकान, दोन्हींचा खडखडाट चालू. भन्ते तिथं अठ्ठावीस वर्षं राहत होते.

“ऐकू नाही आलं,” भन्ते म्हणाले.

“तेच म्हणतोय मी.”

भन्ते हसले. सुई पुन्हा कापडात गेली.

धीरबोधी यवतमाळकडच्या खैरटाकळीचे. गावानं टेकडीवर नवं विहार बांधलं होतं, खास भन्तेंसाठी. बुद्धपौर्णिमेला दोनशे माणसांसमोर उभं राहून धीरबोधी म्हणाले होते, “भन्तेंना मी घेऊन येतो.” टाळ्या पडल्या होत्या. त्यांच्या आईनं डोळ्याला पदर लावला होता.

आता संध्याकाळी सहाच्या बसची दोन तिकिटं त्यांच्या झोळीत होती. भन्तेंनी हो म्हटलं नव्हतं. नाही असंही म्हटलं नव्हतं.

“तिथं झाडं आहेत,” धीरबोधी म्हणाले. “वारा आहे. ध्यानाला बसलं की पानाचा आवाज ऐकू येतो. इथं काय आहे? हा पीठ उडवतो, तो ठिणग्या उडवतो. एका खोलीत सात माणसं. संडासाला रांग. शहाण्या माणसानं इथं का राहावं?”

“मला कसं ठाऊक असणार?”

“अठ्ठावीस वर्षं राहताय ना?”

“मी कधी विचारलं नाही कुणाला.” भन्तेंनी दोरा दातांनी तोडला. “तू विचारून ये.”

“कुणाला?”

“चाळीत. आता नऊ वाजलेत. साडेअकराला जेवायला ये. एकच प्रश्न विचारायचा, तुम्ही इथं का राहता. वाद घालायचा नाही. सल्ला द्यायचा नाही.”

“आणि विचारून आलो की येणार ना माझ्याबरोबर?”

भन्ते काठ तपासत राहिले...

“आधी विचारून तर ये.”

धीरबोधींना हे काम आवडलं. त्यांनी वहीचं नवं पान काढलं आणि पट्टीनं रकाने आखले. वर नीटस अक्षरात लिहिलं : नोकरी, शिक्षण, दवाखाना, हौस. जरा विचार करून आणखी एक रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, मोह. हा रकाना सगळ्यात आधी भरेल अशी त्यांची खात्री होती.

पहिलं दार परब आजींचं. पहिला मजला, जिन्याशेजारी. आजी तांदूळ निवडत होत्या.

“या महाराज.”

“मी महाराज नाही, आजी. श्रामणेर.”

“बरं बरं. बसा महाराज.”

धीरबोधी बसले. प्रश्न विचारला.

आजींनी सूप खाली ठेवलं. “मी हय खय रवतंय?” आपण इथं राहतो याचंच त्यांना खरंच नवल वाटलं होतं. “मी तर गावाक जातलंय. दोन वर्सांनी.”

“इथं येऊन किती वर्षं झाली?”

“सेहेचाळीस.”

धीरबोधींनी पेन्सिल टेकवली. मग उचलली. कोणत्या रकान्यात लिहायचं ते कळेना.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. फळीवर स्टीलचे नवे डबे होते, दुकानाच्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या. ते गावच्या घरासाठी. गणपतीची तसबीर भिंतीला टेकवून ठेवली होती.

“खिळा का नाही मारला, आजी?”

“जायचाच आसा, तर भिंतीक भोक कित्याक?”

दुसऱ्या मजल्यावर रामदुलार राहतात, जौनपूरचे. टॅक्सी चालवतात. रात्रपाळी करून ते नुकतेच आले होते आणि लोखंडी ट्रंकेवर बसून चहा पीत होते.

“बाबाजी, यहाँ रहता कौन है?” ते म्हणाले. “काम करतो, बस. लडकी का ब्याह हुआ की चाललो.”

“कधी आहे लग्न?”

“बड़ीचं झालं. मझलीचं झालं. आता छोटी.” त्यांनी बोटं मोजली. “दो साल धरून चला.”

ट्रंकेला कुलूप होतं. आत गावाला न्यायच्या वस्तू आहेत, असं ते म्हणाले. एकतीस वर्षांत ट्रंक तीनदा भरली आणि तीनदा गावाला गेली. रामदुलार दर वेळी रिकाम्या ट्रंकेबरोबर परत आले.

धीरबोधी खाली उतरले. वेल्डिंगच्या दुकानात बशीरभाई काच लावून जाळी जोडत होते. काच वर करून त्यांनी प्रश्न ऐकला.

“उदगीरला घर बांधलंय,” ते म्हणाले. “स्लॅब पडला. फरशी झाली. फक्त रंग राहिलाय.”

“स्लॅब कधी पडला?”

“नऊ वर्षं झाली.”

“मग रंग?”

“रंगाचंच तर चाललंय. बायको म्हणते पिस्ता, अम्मी म्हणते गुलाबी.” त्यांनी काच खाली ओढली आणि आतून म्हणाले, “दोन वर्षांत होईल. तुम्ही जरा मागं सरका, चीवराला भोक पडेल.”

धीरबोधी मागं सरकले. वही अजून कोरीच होती.

आता त्यांना वाटलं, चूक आपलीच आहे. ही सगळी बाहेरून आलेली माणसं. इथंच जन्मलेला कुणीतरी गाठायला हवा. तिसऱ्या मजल्यावर सुहास कडू राहतात. त्यांच्या आजोबांपासून हीच खोली. ते दाढी करत होते, कामावर निघायची घाई होती.

“का राहतो म्हणजे?” आरशातूनच ते म्हणाले. “राहायचंच नाहीये. चाळ पाडणार आहेत. टॉवर होणार. तोपर्यंत कल्याणला भाड्यानं घेऊ.”

“कधी पाडणार?”

“दोन वर्षांत.”

“हे कधी ठरलं?”

सुहास कडूंनी वस्तरा थांबवला. गालावर फेस तसाच.

“मी चौथीत होतो,” ते म्हणाले.

मग त्यांनी उरलेली दाढी केली, पण सावकाश.

धीरबोधी आणखी दारांवर गेले. कुणी पाणी दिलं, कुणी शेंगदाण्याचा लाडू. एका घरात त्यांना पाळण्याची दोरी हातात देऊन बाई नळावर गेल्या आणि दहा मिनिटांनी आल्या. एकूण अकरा जणांना विचारून झालं. अकराव्या दारापर्यंत त्यांनी वही काढायचंच सोडून दिलं होतं. ते नुसते भिंतींकडं बघत होते, कुठं खिळा आहे का ते.

साडेअकराला ते विहारात आले. त्या दिवशी भोजनदानाची पाळी बशीरभाईंच्या वरच्या खोलीतल्या कांबळेकाकूंची होती. भाकरी, वांग्याची भाजी, वरण. दोघं जेवले. जेवताना भन्ते बोलत नाहीत, म्हणून धीरबोधींनी सगळं आत दाबून धरलं होतं.

पात्रं धुऊन झाल्यावर ते समोर येऊन बसले. पाठ ताठ.

“भन्ते, अकरा जणांना विचारलं.”

“मग?”

“इथं कुणीच राहत नाही.”

भन्तेंनी डोळे मिटले आणि उघडले. “पुन्हा सांग.”

“एकही जण नाही. सगळे जाणार आहेत. कुणी गावाला, कुणी मुलीचं लग्न झाल्यावर, कुणी चाळ पडल्यावर. वीस वर्षं, चाळीस वर्षं झाली, पण ट्रंका भरलेल्याच आहेत. भिंतीत खिळा नाही, भन्ते.” ते पुढं झुकले. “म्हणजे माझंच खरं ठरलं. कुणालाही इथं राहायचं नाही.”

“खरं ठरलं,” भन्ते म्हणाले.

धीरबोधी थबकले. इतक्या सहज मान्य होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“आणि खैरटाकळीत?” भन्तेंनी विचारलं.

“तिथं सगळे राहतात. पिढ्यान्‌पिढ्या. तिथून कुणी जाणार नाही.”

“माझी खोली कशी आहे?”

धीरबोधींचा चेहरा उजळला. भन्तेंनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

“पूर्वेला खिडकी. सागवानी पलंग. भिंतीतलं कपाट. न्हाणीघर आतच, तुम्हाला गुडघ्यांचा त्रास म्हणून. आणि दारावर संगमरवरी पाटी, तुमचं नाव कोरलंय. गवंड्यानं आठ दिवस घेतले.” त्यांनी झोळीत हात घातला आणि पितळी किल्ली काढून दोन्ही हातांनी भन्तेंपुढं ठेवली. “ही त्या खोलीची. दुसरी किल्ली केलेली नाही. सरपंच म्हणाले, ती फक्त भन्तेंचीच.”

भन्तेंनी किल्ली उचलली. तळहातावर ठेवून बघितली. उलटी करून बघितली.

शेजारची गिरणी थांबली. गिरणीवाला जेवायला गेला असावा.

“धीरबोधी, चीवर घेतलंस तेव्हा काय सोडलंस?”

“घर सोडलं, भन्ते.”

“हं...”

गिरणी बंद असताना आमच्या विहारात घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मला ते आधी माहीत नव्हतं.

भन्तेंनी किल्ली धीरबोधींच्या हातात ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली, लहान मुलाच्या मुठीत बोरं देऊन मिटवतात तशी.

धीरबोधींची पाठ वाकली.

“म्हणजे तुम्ही येत नाही.”

“असं कुठं म्हणालो?”

“भन्ते, मी शब्द दिलाय. दोनशे माणसांपुढं. माझी आई होती तिथं. मी एकटा बसमधून उतरलो तर... काय सांगू मी लोकांना? म्हणतील, पाली शिकला आणि आपल्या गुरूला समजावू शकला नाही.”

“म्हणतील तसं?”

“म्हणतील. आणि खरंच असेल ते.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यासाठी याल.”

भन्तेंनी हात लांब करून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

“तुझा शब्द मोडायला नको,” ते म्हणाले. “जा, आणि सांग की मी येणार आहे.”

धीरबोधींनी वर बघितलं. “खरंच?”

“हो.”

“कधी सांगू?”

“दोन वर्षांनी.”

धीरबोधी बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते गेलं. पहिल्या वर्गातलं एम.ए. जागं झालं.

“भन्ते... हा मुसावाद होईल. खोटं बोलण्याचा दोष. चौथं शील मोडेल.”

भन्तेंनी चष्मा काढला. चीवराच्या नव्या शिवलेल्या काठानं सावकाश पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

“ते अकरा जण,” ते म्हणाले, “तुझ्याशी खोटं बोलले?”

धीरबोधी त्या संध्याकाळी एकटेच बसमध्ये चढले. निरोप त्यांनी जसाच्या तसा सांगितला. गावानं टाळ्या वाजवल्या, असं ते म्हणतात. भन्तेंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना अजून सापडलेलं नाही. मला मात्र वाटतं की माणूस जेव्हा सेहेचाळीस वर्षं रोज उद्या निघायचं म्हणून उठतो, तेव्हा तो... हो आई, आले, एवढं वाक्य लिहून झालं की.