उकिरड्याकाठची माती

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात मेधा वाळिंबे नावाच्या बाई भाड्याने राहायला आल्या. माती हाच त्यांचा अभ्यास. त्यांच्या अंगणात कपड्यांपेक्षा मातीच जास्त वाळायची. कागदांवर पसरलेले ते ढीग पाहून येणारेजाणारे विचारायचे, "मॅडम, यंदा सांडगे मातीचेच का?" बाईही हसून म्हणायच्या, "हो, या की घालायला!"

त्या मातीतला कर्ब आणि नत्र मोजायच्या. समजेल असं सांगायच्या, "पाला, मुळं, शेण कुजून मातीत मुरतं, त्यातून कर्ब मिळतो. त्यानं माती मऊ राहते, पाणी धरते. आणि पिकाला हिरवं ठेवतं ते नत्र. ऊस तुटल्यावर रानात उरलेला वाळका पाला, ते पाचट, तुम्ही पेटवता, तेव्हा दोन्ही धुरातून निघून जातात." लोक मान हलवायचे आणि पाचट पेटवायचे. काडी लावली की रान लगेच मोकळं होतं, मग कोण ऐकतंय!

शेवटी बाईंनी ठरवलं, गावाची मातीच गावाला सांगू दे. त्यांनी घरोघर पिशव्या दिल्या. "शेताच्या मधली माती आणा, वीतभर खोल खणून. बांधावरची नको, झाडाखालची नको, उकिरड्याजवळची तर मुळीच नको."

गावात रंगराव थोरवत म्हणजे मान असलेला माणूस. सगळे त्यांना रंगाण्णा म्हणत. ते कुदळ घेऊन रानात गेले. ढेकूळ फुटता फुटेना. फुटलं ते राखाडी, कोरडं. असली माती पिशवीत भरायची अण्णांना लाज वाटली. पाहुण्याच्या ताटात कुणी करपलेली भाकरी वाढतं का? ते तसेच घरी आले आणि उकिरड्याच्या कडेची काळीभोर माती भरू लागले.

"अहो, ही कुठली भरताय?" त्यांची बायको हौसाक्का म्हणाली.

"तू गप. थोरवतांची माती हाय. चारचौघांत जायचीय."

निकाल सांगायला बाईंनी गाव देवळापुढे बोलावलं. कर्ब सगळ्यांत जास्त रंगाण्णांच्या मातीत. नत्रही त्यांच्याच. बाईंनी कौतुकानं विचारलं, "अण्णा, पाचटाचं तुम्ही काय करता?"

"पेटवतो की, दरसाल," अण्णा बोलून गेले.

तसा भैरू शेलार उभाच राहिला. "ऐकलं का मॅडम? दरसाल पेटवणाऱ्याचीच माती एक नंबर! उद्या सकाळीच काडी लावतो बघा." लोक हसले. ऊस नुकताच तुटला होता, रानोरान पाचट वाळून पडलं होतं. आणखी चौघं भैरूच्या बाजूने बोलू लागले.

अण्णांना वाटलं, आता बाई चिडतील, निकालच खोटा म्हणतील. तसं झालं असतं तर ते सुटले असते. पण बाई म्हणाल्या, "माझं म्हणणं वेगळं होतं. पण तुमची माती हेच सांगत असेल, तर तेच मी लिहीन. मला पटला नाही म्हणून निकाल टाकून देता येत नाही." चेहरा उतरला होता, पण शब्द एकही वाकडा नाही.

अण्णांची मान खाली गेली. बोलावं तर गावात हसं. न बोलावं तर उद्या सगळं शिवार पेटणार, आणि या बाईंच्या हातून खोटं लिहिलं जाणार. हौसाक्का बायकांमधून त्यांच्याकडेच बघत होती.

"भैरू, खाली बस," अण्णा उठले. "मॅडम, ती माती रानातली न्हाई. उकिरड्याकडची हाय. माझ्या रानात कुदळ खणखणते. लाज वाटली मला."

मागून कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी तिकडे वळून बघितलं.

"हसू नका. गावासमोर एवढं बोलायला छाती लागते. आणि चूक माझीही आहे. अंगणात बसून माती मागवली मी, रानात यायला हवं होतं." मग अण्णांना म्हणाल्या, "रान आजारी असलं तर त्यात लाज कसली, अण्णा? दुखणं कळलं तरच इलाज सांगता येईल ना?"

मग भैरू खाकरला. "मॅडम, माझी बी जरा गोठ्यामागची निघंल."

"आमची बांधावरची!" दुसरीकडून आवाज आला. आता मात्र सगळेच हसले, अण्णाही.

बाईंचं एवढ्या दिवसांचं काम पाण्यात गेलं होतं. डोळे क्षणभर भरले त्यांचे. मग त्यांनी निकालाचे कागद बाजूला सारले आणि पदर खोचला. "चला. आधी कुणाचं रान?"

"माझं," रंगाण्णा म्हणाले आणि कुदळ आणायला घराकडे वळले. भैरूही त्यांच्या मागे निघाला. काडी लावायचं कुणी पुन्हा बोललं नाही.

तात्पर्य: आपलं उणं झाकून दाखवलेलं मोठेपण आपल्यावर विसंबणाऱ्या सगळ्यांची वाट चुकवतं. वेळेवर खरं सांगणारा माणूस कमी होत नाही, उलट त्याच्यामुळे दुसऱ्यांनाही खरं बोलायचं बळ येतं.