हत्तीची मात

एका राज्यात बुद्धिबळाचे भारी वेड होते. राजवाड्यात पट, देवळाच्या ओट्यावर पट, कुंभाराच्या चाकाशेजारीही पट. वेड होते, म्हणून त्याचे सोवळेही होते. डाव संपला की कोण जिंकले हे तिथे कुणी विचारीत नसे. विचारीत ते एवढेच, की मात कशाने केली? हत्तीने केली तर ऐकणारा नाक मुरडी. वजिराने केली तर बरे म्हणे. पण प्याद्याने केली, तर जिंकणाऱ्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवीत, आणि हरणाऱ्यालाही त्याचा मान मिळे. सर्वांत लहान मोहऱ्याकडून राजाला कोंडणे हीच विद्या, बाकी सगळी धटिंगणगिरी, असे त्या लोकांचे ठाम मत होते. कोंडला तो कोंडला, असे म्हणणारा एकही शहाणा त्या राज्यात जन्माला आला नाही.

तिथला राजा वज्रकेतू. त्याने आयुष्यात हत्तीने मात केली नव्हती, आणि दिवसातून एकदा तरी तो हे कुणाला ना कुणाला ऐकवी. त्याला एकच लेक, इरावती. आई तिच्या लहानपणीच गेली. बापाने तिला मांडीवर घेऊन घोड्याची अडीच घरे शिकवली, तेव्हा तिला धड चालताही येत नव्हते. तिचा बापावर फार जीव, आणि बापाचा तिच्यावर.

एके दिवशी धूम्रकेश नावाचा जादूगार दरबारात आला आणि पट मांडून बसला. हरलो तर माझी सगळी विद्या तुझी, तो म्हणाला, आणि जिंकलो तर तुझी प्रजा माझी प्यादी. राजा हसला आणि बसला. दुपारपर्यंत जादूगार घेरला गेला. राजाचा हत्ती एक सरळ चाल करता तर डाव तिथेच संपत होता. मागे उभ्या इरावतीला ते दिसले, पंखा ढाळणाऱ्या दासीलाही दिसले. राजालाही दिसले होते. पण त्याने हत्तीला हातही लावला नाही. मिशीवर ताव देऊन त्याने एक प्यादे पुढे सरकवले, म्हणजे पुढच्या चालीला प्याद्याने मात व्हावी. ती पुढची चाल आलीच नाही. धूम्रकेशाचा वजीर तिरका आत शिरला आणि राजालाच मात झाली. जादूगार उठला, त्याच्याबरोबर राजाही दिसेनासा झाला.

त्या घटकेपासून त्या राज्यातल्या माणसा-जनावरांना प्याद्यांचा शाप लागला. पुढे जाता येई, मागे वळता येईना. विहिरीवर गेलेल्या बाया विहिरीच्या पुढे गेल्या. शेतावर गेलेले शेत ओलांडून गेले. माणसे चालत चालत राज्याच्या सीमेवरच्या कोटाशी पोचली आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मान वळवून मागे पाहणेही कुणाला जमेना.

इरावती वाड्यातल्या खिडकीशी खिळून उभी होती. पाखरांना शाप नव्हता. एक तांबट खिडकीवर येऊन बसला आणि म्हणाला, "राजा जिवंत आहे. धूम्रकेशाचे अंगण कोटापलीकडे आहे. खेळायला जो जातो त्याला कोट वाट देतो."

"मी परत कशी येईन?" इरावतीने विचारले.

"जिंकलीस तर येशील," तांबट म्हणाला.

ती खिडकीतूनच पुढे उतरली आणि निघाली, तांबट तिच्या खांद्यावर. बापाला घेऊन यायचे, एवढे एकच तिच्या मनात होते. कोटाशी माणसांची दाटी होती. तिच्या शेजारी एक बाई भिंतीला कपाळ टेकून उभी होती, पदर दुधाने भिजलेला. ती म्हणाली, "बाळ घरी पाळण्यात आहे. ताई, जरा मागे बघून सांगा, घराकडून कुणी येतंय का?" इरावतीने मान वळवायचा प्रयत्न केला. मान वळली नाही. तिने बाईचा हात घट्ट धरला आणि सोडला. मग भिंत दुभंगली आणि ती पलीकडे गेली.

पलीकडे काळ्या-पांढऱ्या फरशांचे मोठे अंगण होते, चौसष्ट घरांचे, आणि त्यावर माणसाएवढी लाकडी मोहरी. धूम्रकेशाने तिला आदराने आसन दिले. तीन डाव होतील, तो म्हणाला. पहिला जिंकलीस तर जनावरांना मोकळी वाट, दुसरा जिंकलीस तर सैन्याला, तिसरा जिंकलीस तर साऱ्या प्रजेला. एक जरी हरलीस तरी सारे जसे आहे तसे. पण बसायचे मोल द्यावे लागेल. पहिल्याचे मोल तुझे हसू, दुसऱ्याचे तुझ्या जिभेची चव, तिसऱ्याचे तू बसलीस की सांगेन.

तांबट खांद्यावरून कुजबुजला की न सांगितलेले मोल कबूल करू नये. पण बाप सापडायचा होता. इरावतीने कबूल केले.

पहिला डाव तिने घोड्यांच्या जोरावर जिंकला. दूर राज्यात गाई-म्हशी गोठ्याकडे वळल्या. तिला आनंद झाला, पण ओठ हलले नाहीत. दुसरा डाव लांबला, तोही तिने उंटांच्या कैचीने जिंकला. भाल्यांची रांग छावणीकडे फिरली. जादूगाराने तिला पाणी दिले, ते तिला पाण्यासारखेही लागले नाही.

तिसरा डाव मांडला गेला. धूम्रकेशाच्या बाजूला राजाच्या घरावर लाकडी राजा नव्हता. तिथे वज्रकेतू उभा होता, पांढरी दाढी वाढलेली, पायाखाली काळी फरशी.

"हे तिसऱ्याचे मोल," धूम्रकेश म्हणाला. "मात झालेला माझा राजा पुन्हा उठत नाही. आणि पटावरून उठलीस, तर डाव हरलीस."

बापाला न्यायला इरावती आली होती, आणि बापालाच मारायला बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिले. त्याने फक्त मान हलवली, खेळ म्हणून. ती खेळू लागली. आयुष्यात एवढे वाईट ती कधी खेळली नव्हती. जिथे घाव घालायचा तिथे ती हात आखडता घेई, आणि जादूगार तिचे मोहरे वेचून घेई. शेवटी कोटाशी उभी असलेली ती बाई तिला आठवली. मग ती हात न आखडता खेळली.

ऊन उतरताना वज्रकेतू कोपऱ्यात कोंडला गेला. इरावतीचा हत्ती मोकळ्या रांगेत उभा होता, एका चालीत मात. एक प्यादेही जवळ होते, पण त्याने मात करायची तर दोन चाली हव्यात. आणि धूम्रकेशाचा वजीर तिच्या राजाच्या उशाशी येऊन ठाकला होता.

तेव्हा बाप पहिल्यांदा बोलला. "मला मरणाचे भय नाही. पण हत्तीने नको, इरा. प्याद्याने कर."

"तात, एक चाल जास्त लागते."

"जादूगार दमला आहे. त्याला दिसणार नाही. लोकांनी मला काय म्हणून आठवावे? जन्मभर मी एवढेच जपले."

तिला त्याचा राग आला. सगळे गमावूनही तो तिथेच उभा होता, त्याच मिशीवर ताव देत. आणि त्याच वेळी तिला वाटले, उठावे, पट उधळून द्यावा आणि त्याच्या पायांना मिठी मारावी.

"हत्ती," ती म्हणाली. "सरळ शेवटच्या घरी."

लाकडी हत्ती घरघरत गेला आणि थांबला. वज्रकेतूने लेकीकडे पाहिले. त्या नजरेत भय नव्हते, प्रेमही नव्हते, लाज होती. मग त्याने तोंड फिरवले आणि तो फरशीवर आडवा झाला. धूम्रकेश आपल्या लाकडी मोहऱ्यांसकट राख होऊन वाऱ्यावर गेला.

शाप सुटला. कोटाशी उभी असलेली माणसे वळली आणि धावत घरी गेली. काही वेळेवर पोचली, काही नाही. कुणाच्या चुली पेटल्या, कुणाच्या दारी रडे ऐकू आले.

इरावतीने बापाला अग्नी दिला आणि सिंहासनावर बसली. दरबार भरला, आणि तिसऱ्या डावात राजाच कोंडला गेला हे तिने सर्वांना सांगितले. मानकऱ्यांनी मुजरे केले, आणि सर्वांत वृद्ध मानकऱ्याने, त्या राज्याच्या रीतीने, हात जोडून विचारले, "राणीसाहेब, मात कशाने?"

इरावतीने खांद्यावरच्या तांबटाकडे पाहिले.

"प्याद्याने," ती म्हणाली.

दरबार उभा राहिला. लोकांनी जयजयकार केला, राजाच्या भाग्याचे गोडवे गायले, आणि त्या डावाचे पोवाडे सांजेपर्यंत गावोगाव पोचले. जे तिने बापाला जिवंतपणी नाकारले, ते त्याला असे मिळाले. पण ते ऐकायला तो नव्हता, आणि असता, तरी खरे काय ते त्याला ठाऊकच होते.

पुढे तिने पुष्कळ वर्षे न्यायाने राज्य केले. पाऊस वेळेवर पडला, चोर भ्याले, लेकरे पोटभर जेवली. दर वर्षी राजाच्या श्राद्धाला शाहीर तो पोवाडा गात, आणि ती शेवटच्या कडव्यापर्यंत बसून ऐके. लोक म्हणत, राणी बापाच्या अभिमानाने रडते. ज्यांची घरे होती ते घरी परतले; आमचीही कथा इथे थांबते; ती मात्र अजून त्या पटाशीच बसली आहे.